मुलाला अक्षर लिहायला 'अ'पासून शिकवायचं की 'ग'पासून?

निंबोणी | १९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मुलगा यंदा पहिलीत गेलाय. इंग्रजी माध्यम. ए बी सी डी बालवाडीतच झालं, मराठी अक्षरांची ओळख मात्र आत्ता शाळा सुरू झाल्यावर. घरी आम्ही अस्सल मराठी बोलतो, गोष्टी मराठीत सांगतो, त्यामुळे मला वाटलं होतं की हा विषय त्याला सोपा जाईल.

शाळेत रोज एक अक्षर देतात. 'अ' पासून क्रमाने. वर्गात पाच वेळा आणि घरी तीस वेळा लिहायचं. मंगळवारी त्याने 'अ' काढला तो असा: आधी उजवीकडची उभी रेघ, मग तिला खालून वर चिकटवत डावीकडचा आकार, आणि सगळ्यात आधी काढून ठेवलेली डोक्यावरची रेघ. अक्षर पूर्ण झाल्यावर बघितलं तर 'अ'च होता, जरा वाकडा. मी म्हटलं, "अरे, असा नाही काढायचा." तो म्हणाला, "आई, अ दिसतोय ना? मग चुकलं कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच सांगते, दोन दिवस विचार करतेय.

काल वही सापडेना. शेवटी पलंगाखाली भिंतीकडे सरकवलेली सापडली. हा मुलगा चित्रं काढताना तासभर जमिनीवरून उठत नाही, आणि अक्षराची वही लपवतो. म्हणून इथे विचारतेय. अक्षर कुठल्या बाजूने काढलं याने खरंच फरक पडतो का? आणि 'अ' पासूनच सुरुवात करायला हवी का? तुमच्या घरी कसं केलंत?

उंबरठा | १९ जून, रात्री १०:३२

तीस वेळा? सहा वर्षांच्या मुलाला? वाचूनच बोटं दुखली.

मी_परभणीकर | १९ जून, रात्री ११:०५

मला यात काही वावगं दिसत नाही. आम्ही घोटूनच शिकलो. वडील समोर बसून कित्ता गिरवून घ्यायचे, पाटी भरली की पुसून पुन्हा. त्या पिढीचं अक्षर बघा, मोत्यासारखं. आत्ताच्या मुलांचं अक्षर बघा. हाताला वळण लागायला हात चालवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. लेकरू रडतंय म्हणून सोडून दिलं तर ते कधीच शिकणार नाही.

पाटीपेन्सिल | २० जून, सकाळी ७:१०

निंबोणीताई, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं पालघरच्या डोंगरपट्ट्यात. तिथल्या मुलांच्या घरी वारली बोलतात, 'अननस' त्यांनी पाहिलेला नसतो. त्यामुळे 'अ अननसाचा' म्हणून सुरुवात करणं आम्हाला पहिल्याच वर्षी सोडावं लागलं.

तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारलाय तो फार चांगला आहे. पहिल्या दिवशी त्याचं चुकलेलं नाही, अक्षर ओळखू येतंय. पण त्याला हे दाखवा: 'अगर' लिहायला सांगा, दोन्ही पद्धतींनी. आपल्या बहुतेक अक्षरांचा काना उजवीकडे असतो. काना शेवटी काढला की हात पुढच्या अक्षराच्या दारात उभा असतो. काना आधी काढला की हाताला मागे जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं. एका अक्षराला कळत नाही. तिसरीत पानभर शुद्धलेखन आलं की कळतं. वळण हे दिसण्यासाठी कमी आणि चालण्यासाठी जास्त असतं.

आता 'अ'चं. अहो, 'अ' हे लिहायला सगळ्यात अवघड अक्षरांपैकी एक! वरचा अर्धगोल, खालचा अर्धगोल, मधली आडवी रेघ, काना, शिरोरेघ. ज्या मुलाला नुसता अर्धगोल नीट येत नाही त्याला पहिल्याच दिवशी दोन एकावर एक रचायला सांगायचे? वर्णमालेत पहिलं आहे म्हणून हाताला पहिलं असलं पाहिजे असं नाही.

आम्ही ग, म, भ, न पासून सुरू करायचो. चारही अक्षरांना डावीकडे गाठ आणि उजवीकडे काना. एक गाठ जमली की चार अक्षरं जमली. आणि मुख्य म्हणजे चार अक्षरांत शब्द तयार होतात: मन, नग, नभ, गगन, मगन. चौथ्या-पाचव्या दिवशी पोर शब्द वाचतं. ते ज्या चेहऱ्याने वर बघतं तो चेहरा 'अ'ची तीस घरं भरून येत नाही.

पुढे व, ब, क. 'व' आला की त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब', आणि काना ओलांडून उजवीकडे शेपूट काढलं की 'क'. तसंच प, ष, फ. मग र, स, ख. मग ट, ठ, ढ, द, ज्यांना पूर्ण काना नाही, जी शिरोरेघेला लोंबकळतात. 'अ' आमच्याकडे श्रावणात यायचा. कुणाचं काही अडलं नाही.

आजोबा_चौऱ्याहत्तर | २० जून, सकाळी ८:४०

गुरुजींचं म्हणणं हाताच्या बाजूने मान्य. पण वर्णमालेचा क्रम मुलांच्या कानावरून जाऊ देऊ नका ही विनंती. क च ट त प हा क्रम उगाच लावलेला नाही. कंठातून सुरू होऊन टाळू, मूर्धा, दात करत ओठांपर्यंत येतो. माझ्या नातीला मी आरशासमोर उभं करून म्हणायला लावतो, जीभ कुठे लागते ते तिला बघायला आवडतं. 'प फ ब भ म' ला ओठ मिटतात हे तिने स्वतः शोधलं. शब्दकोश बघायचा तर हा क्रम पाठ हवाच.

पाटीपेन्सिल | २० जून, सकाळी ९:०२

काका, शंभर टक्के. म्हणायचा क्रम वेगळा, लिहायचा वेगळा. रोज परिपाठाला पूर्ण वर्णमाला तालात म्हणून घ्यायचो, आणि पाटीवर मात्र गमभन. मुलांचा कधी गोंधळ झाला नाही.

तळ्याकाठी | २० जून, दुपारी २:२०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, 'लिहायला कंटाळतो' म्हणून आणलेली मुलं रोज बघते. त्यातल्या पुष्कळांना कंटाळा नसतो, हात दुखत असतो.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत पक्की होत जातात. शेवटचं पक्कं व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे पहिलीतल्या मुलाचं मनगट अजून बांधकामावर आहे. त्याला पेन्सिल आवळून धरावी लागते, आवळली की बोटं दमतात, दमली की आकार बिघडतो.

निंबोणी, एक करून बघ. ती तीस 'अ'वाली वही काढ आणि पहिली ओळ व शेवटची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघ. मग इथे सांग.

परभणीकर, तुमच्याशी एका बाबतीत सहमत, हात चालवावाच लागतो. पण दहाव्या अक्षरानंतर दमलेला हात चुकीचं वळण घोटत असतो. उरलेले वीस वेळा तो चूकच पक्की करतो. पाच वेळा काढ, त्यातला सगळ्यात आवडलेला तू स्वतः निवड आणि त्याला टिकली लाव, असं सांगा. मूल नीट बघायला लागतं.

आणि लिहिण्याआधी हात तयार करा: कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या, ओले रुमाल पिळायला द्या, चिमट्याने कपडे वाळत घालायला द्या. फळा भिंतीवर लावून उभ्याने लिहू द्या, त्याने मनगट आपोआप योग्य कोनात येतं. पेन्सिल लहान द्या, बोटभर उरलेली. लांब पेन्सिलीला मुठीत धरायला जागा असते, तुकड्याला नसते.

निंबोणी | २० जून, रात्री ९:४८

आत्ताच वही काढून बसले. तळ्याकाठी, अगं, तू म्हणालीस तसंच आहे.

पहिल्या ओळीतले सहाही 'अ' छान आहेत. तिसऱ्या ओळीपासून वरचा अर्धगोल लहान होत गेलाय. पाचव्या ओळीत तर 'अ' उरलाच नाहीये, तीनच्या आकड्याला काठी टेकवून ठेवल्यासारखं दिसतंय. आणि कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर शेवटच्या दोन ओळींचे वळ लागतात बोटांना, इतकं दाबून लिहिलंय. मी त्याच ओळींवर 'नीट काढ' म्हणून ओरडले होते. फार वाईट वाटतंय.

पाटीपेन्सिल सर, 'अगर'ची युक्ती उद्या करते.

उंबरठा | २० जून, रात्री ९:५५

वाईट नको वाटून घेऊस गं. सगळ्या आयांनी केलंय हे. मी तर टिंबटिंब असलेल्या पीडीएफचे पन्नास कागद छापून आणले होते. पोरगी टिंबं जोडायला शिकली, अक्षर नाही. टिंब काढून घेतलं की कोरा कागद बघत बसायची.

पाटीपेन्सिल | २१ जून, सकाळी ७:०५

टिंबांच्या बाबतीत उंबरठा यांचं निरीक्षण बरोबर आहे. टिंबांवर मूल डोळ्याने एकेक ठिपका शोधत जातं, हाताला सलग वळण मिळत नाही. त्यापेक्षा तुम्ही पाटीवर मोठं अक्षर काढा, हातभर, आणि त्यावरून त्याला बोट फिरवू द्या. पाच-सात वेळा. मग पेन्सिल. 'गिरवणे' म्हणजे हे.

शाईचा_ठिपका | २१ जून, दुपारी १२:३०

सुलेखन करतो, म्हणून राहवत नाही. निंबोणी यांचा मुलगा शिरोरेघ आधी काढतो हे वाचून मजा वाटली, कारण मोडी लिहिणारे तसंच करायचे! मोडीत आधी पानावर आडवी रेघ आखून घ्यायची आणि मग तिच्या खाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. त्याला सांगा, तुझी पद्धत जुन्या कारकुनांची आहे.

देवनागरीत मात्र शब्द पूर्ण झाल्यावर रेघ देणं बरं. आधी रेघ काढली की मुलाला शब्द किती लांब होणार ते माहीत नसतं, मग शेवटचं अक्षर रेघेबाहेर लटकतं किंवा रेघ उरते. शिवाय भ, ध, थ यांची डोक्यावरची रेघ तुटक असते, ती जागा सोडायला आधी अक्षर हवं. हा तुटकपणा मुलांना नीट दाखवा. म-भ, घ-ध, य-थ या तिन्ही जोड्यांतला मोठा फरक डोक्यावर आहे. घर बंद छपराचं, धरण उघड्या छपराचं, असं मी भाच्याला सांगितलं होतं. पुन्हा चुकला नाही.

अवांतर: मोबाइलवरच्या बऱ्याच शिकवण्यांमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी ठरवून दिलाय. मुलाला वहीत एक 'ल' आणि पडद्यावर दुसरा दिसला तर त्याला वाटतं दोन वेगळी अक्षरं आहेत. आकड्यांतही ५, ८, ९ चं तेच होतं. आधी बघून घ्या.

सिएटलकर | २१ जून, रात्री ११:५०

आमच्याकडे रविवारची मराठी शाळा, आठवड्यातून दीड तास. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या शाळांचं जाळं आहे इथे, आमची त्यातलीच. आम्ही पालकच शिकवतो.

एक अडचण सांगतो, निंबोणीच्या मुलालाही येत असेल, कारण तोही आधी इंग्रजी शिकलाय. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. ही मुलं मराठी अक्षरंही खालच्या रेघेवर बसवतात, मग डोकी वरखाली होतात आणि शिरोरेघ जिन्यासारखी चढते-उतरते. आम्ही सांगून दमलो. मग एका आजीने दोरी बांधली, चिमटे घेतले आणि कागदाची अक्षरं दोरीवर वाळत घातली. "आपली अक्षरं दोरीवर वाळत घालायची, इंग्रजी अक्षरं फळीवर मांडायची." त्या दिवसापासून प्रश्न मिटला. आता मुलं एकमेकांना सांगतात, "तुझा प ओला आहे, खाली आलाय."

निंबोणी | २२ जून, सकाळी १०:१०

सिएटलकर, हेच, हेच होतंय! मी चौरेघी वहीवर मराठी लिहून घेत होते. आज दुरेघी आणते.

डावरा | २२ जून, दुपारी ४:४०

इतक्या प्रतिसादांत डावखुऱ्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी डावखुरा. पहिलीत माझ्या डाव्या हातावर पट्टी बसायची आणि पेन्सिल उजव्या हातात दिली जायची. दोन वर्षं मी दोन्ही हातांनी वाईट लिहीत होतो. चौथीत बदललेल्या बाईंनी विचारलं, "तुझा हात कुठला?" त्यांनी बेंचच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. त्या बाईंमुळे माझं अक्षर सुधारलं, हे आजही माझ्या मनात आहे.

माझी मुलगीही डावखुरी आहे. तिला शिकवताना लक्षात आलेली गोष्ट: उजव्या हाताचं मूल शिरोरेघ ओढतं, डाव्या हाताचं मूल ती ढकलतं. पेन्सिलीचं टोक कागदात घुसतं आणि कागद फाटतो. मी तिला शिरोरेघ उजवीकडून डावीकडे काढू दिली. वही थोडी डावीकडे सरकवायची आणि डावा वरचा कोपरा वर राहील अशी तिरकी ठेवायची. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. गुरुजी म्हणतात ते वळण मान्य, पण शिरोरेघेपुरती या मुलांना सूट द्या.

पाटीपेन्सिल | २२ जून, संध्याकाळी ६:१५

डावरा, मनापासून आभार. नोकरीतली पहिली दहा-बारा वर्षं मीही मुलांचा हात बदलायला लावत असे. तेव्हा तसंच शिकवलं गेलं होतं, आणि ते चूक होतं. शिरोरेघ उलटी काढू देण्याचं मला कधी सुचलं नाही. जी तरुण शिक्षक मंडळी हा धागा वाचत असतील त्यांनी हे लिहून ठेवावं.

मी_परभणीकर | २२ जून, रात्री ८:३०

एक विचारतो. माझा पुतण्या सहा वर्षांचा आहे, तो ३ उलटा काढतो, त्याचा ६ होतो. इंग्रजीतले बी आणि डी पण उलटे. शेजारचे म्हणतात डिस्लेक्सिया आहे, डॉक्टरला दाखवा. भाऊ घाबरलाय.

तळ्याकाठी | २२ जून, रात्री ९:१०

परभणीकर, सहाव्या वर्षी उलटी अक्षरं-आकडे येणं अगदी सर्रास असतं. मूल वाटी उलटी केली तरी वाटीच म्हणतं, खुर्ची फिरवली तरी खुर्चीच. जगातल्या सगळ्या वस्तूंना हा नियम लागू असतो, फक्त अक्षरांना आणि आकड्यांना नसतो, हे त्याला नव्याने शिकायचं असतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. त्यानंतरही वरचेवर होत असेल, किंवा आत्ताच अक्षराचा आवाज आठवत नसेल, शब्द सुटे करता येत नसतील, तर जरूर दाखवा. नुसत्या उलट्या ३ वरून घाबरू नका. भावाला शांत झोपायला सांगा.

मी_परभणीकर | २२ जून, रात्री ९:२५

फार बरं वाटलं. त्याला आत्ताच फोन करतो.

अबोली_म्हापसा | २३ जून, सकाळी ११:००

गोव्यातून. आमच्याकडे मूल एकदा नागरी शिकलं की मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचायला लागतं, म्हणून माझी सासू म्हणते की एका पाटीत दोन पुस्तकं.

माझा धाकटा 'ख'ला हटकून 'रव' वाचायचा. 'खाना' लिहिलं की 'रवाना'. मी त्याला रव्याच्या ताटात शिकवलं. स्टीलच्या ताटात रवा पसरायचा आणि बोटाने अक्षर काढायचं. 'र'चं शेपूट 'व'च्या पोटाला जाऊन मिळालं की 'ख', सुटं राहिलं की 'रव'. ताट हलवलं की पाटी कोरी. चूक पुसायला खोडरबर लागत नाही म्हणून मूल घाबरत नाही.

आजोबा_चौऱ्याहत्तर | २३ जून, दुपारी ३:२०

अबोलीताई, ही आपली धूळपाटीच की! आमच्या आजोबांच्या वेळी लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षरं काढत. ओनामा तिथेच व्हायचा, कागदावर जायला मूल फार नंतर पोचायचं. आम्ही दगडी पाटीवाले. पेन्सिल घासल्याचा तो आवाज, ओल्या फडक्याचा वास, आणि अर्धी पेन्सिल खाऊन टाकणारे वर्गमित्र.

उंबरठा | २३ जून, दुपारी ३:२८

पेन्सिल खाणारी मी होते. मातीचा वास यायचा तिला, अजून आठवतो.

पाटीपेन्सिल | २३ जून, संध्याकाळी ५:५०

धूळपाटीवरून ताराबाई मोडकांची आठवण झाली. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं चारायला गेली तर कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द तिथले. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं. माझी शाळा तिथून फार लांब नव्हती. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, मूल त्यावर पहिली दोन बोटं फिरवतं. आम्ही पुठ्ठ्यावर खळ लावून त्यावर वाळू टाकायचो. नदीची वाळू, चाळून घेतलेली. एका उन्हाळी सुट्टीत सगळी अक्षरं तयार केली होती, ती आठ वर्षं टिकली.

वेगळी_वाट | २३ जून, रात्री १०:४०

सगळं छान आहे, पण मोठेपणी कोण हाताने लिहितं? माझं शेवटचं हातानं लिहिलेलं पान मला आठवत नाही. बोलून टंकन होतं. एवढा जीव आटवायचा कशाला?

शाईचा_ठिपका | २४ जून, सकाळी ९:३०

कारण अक्षर काढताना मूल ते नीट बघतं. 'घ' आणि 'ध' मधला फरक डोळ्याने दहादा बघून ध्यानात राहत नाही, हाताने दोनदा काढला की राहतो. हे वाचण्यासाठी आहे. मोठेपणी टंकन करा, पण वाचायचं तर आहेच.

तळ्याकाठी | २४ जून, सकाळी ९:४५

+१. आणि आठवण म्हणून एक: र्‍हस्व वेलांटीची वेळ आली की धीर धरा. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी आधी, डावीकडे. मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहितं, म्हणून ती अक्षराच्या पुढे जाते. तो निष्काळजीपणा नसतो. कानाशी तो प्रामाणिक असतो.

निंबोणी | ५ जुलै, रात्री ९:३०

तुम्हा सगळ्यांना सांगायला आले.

बाईंना जाऊन भेटले. वही दाखवली, पहिली ओळ आणि पाचवी ओळ. त्यांच्या वर्गात त्रेपन्न मुलं आहेत, आणि तीस वेळा ही सूचना वरून आलेली. तरी त्या म्हणाल्या, घरी पाच वेळा चालेल, मी सही करीन. शाळेचा क्रम 'अ' पासूनच राहणार, पण घरी मी गमभन घेतलंय. सरांची 'अगर' युक्ती केली. त्याने दोन्ही पद्धतींनी लिहिलं, मग पुन्हा लिहिलं, आणि म्हणाला, "काना आधी काढला की मला मागे चालत यावं लागतं." इतकंच. त्यानंतर काना शेवटी काढतो, मी काही बोलले नाही.

दोरी बाल्कनीत बांधलीय. त्यावर सध्या ग, म, भ, न, व, ब वाळत आहेत. 'क' ओला आहे म्हणे.

सिएटलकर | ६ जुलै, पहाटे ४:१०

हे आजीला वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

निंबोणी | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:२०

धागा वर काढतेय, राग मानू नका.

काल पाटीपूजन केलं. आईची जुनी दगडी पाटी माळ्यावर होती, ती धुऊन घेतली. त्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची होती. आमच्याकडे तिचे अर्धे एक सुलट आणि अर्धे उलट काढतात. मला ते उलटे एक कधीच धड जमले नाहीत. त्याने पेन्सिल हातातून घेतली आणि सरळ काढून दाखवले, दोन्ही बाजू सारख्या.

मग पाटीच्या खालच्या कोपऱ्यात त्याने न विचारता एक शब्द लिहिला. नैवेद्याला पुरणपोळी होती, सकाळी आजीने त्याला डब्यातून काहीतरी आणायला पाठवलं होतं. 'गूळ'. दीर्घ ऊकार बरोबर. 'ळ'ची दोन्ही पोटं बरोबर, आणि शिरोरेघ शेवटी, एका दमात. 'ळ' मी शिकवला नव्हता. मी विचारलं कुठून शिकलास, तर म्हणाला, "डब्यावर आहे ना, आजीने लिहिलेलं."

पाटी अजून पुसलेली नाही.

पाटीपेन्सिल | त्याच दिवशी, दुपारी १२:०५

ताई, वाचून डोळे भरून आले. आजींना माझा नमस्कार सांगा. घरातल्या सगळ्या डब्यांवर नावं लिहायला सांगा त्यांना. हरभरा, मटकी, तांदूळ, सगळं.

उंबरठा | त्याच दिवशी, दुपारी १२:४०

माझी धाकटी पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाईल, आत्ताच रव्याचं ताट काढते. अबोलीताई, रवा बारीक घ्यायचा की जाड?

अबोली_म्हापसा | त्याच दिवशी, दुपारी १:१५

बारीक. आणि थर अगदी पातळ ठेव, ताटाचा तळ दिसला पाहिजे. जाड रव्यात रेघ लगेच बुजते.